तंबूत झुंबर, अंगणात पार्किंग

तंबूत झुंबर! होय, बरोबर ऐकलंत. कंदील नाही, विजेची माळ नाही, लोलक लटकणारं अस्सल झुंबर. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात ऑक्सफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात ‘द ग्रोव्ह’ नावाची दहा एकरांची राई आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबरातल्या ठरावीक शनिवारी या राईत तंबूला तंबू खेटून उभे राहतात आणि हौशी मंडळी आपापल्या तंबूत झुंबर टांगतात. खाली पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, चांदीची तबकं, ताज्या फुलांची सजावट. बायका उंच टाचांवर गवतात रुतत-रुतत मिरवतात, बाप्ये कोट-टाय करून घाम पुसतात. लग्न कुणाचं म्हणाल, तर कुणाचंच नाही. कॉलेजातली पोरं फुटबॉल खेळणार आहेत!

आणि हा फुटबॉल म्हणजे आपल्या कोल्हापुरात पेठापेठांत खेळतात तो नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर गाद्या बांधून एकमेकांवर धडकायचा हा अमेरिकन प्रकार. खेळ साठ मिनिटांचा, पण संपायला साडेतीन तास लागतात. मधल्या वेळात टीव्हीवर जाहिराती चालतात आणि मैदानावर सगळे नुसते उभे असतात.

आता एखाद्याला वेड लागलं तर त्यानं सरळ म्हणावं, मला वेड लागलंय. आपण समजून घेतो, आपल्यालाही कसलं ना कसलं असतंच. पण अशा फुटबॉलवेड्या गावांतल्या मंडळींना विचारा. गंभीर चेहरा करून सांगतात की हे सगळं गावाच्या अर्थकारणासाठी चाललंय. हॉटेलं भरतात, दुकानं चालतात, पोरांना कामं मिळतात. एका सामन्यामागे गावात किती लाख डॉलर येतात याचा आकडासुद्धा तोंडपाठ. म्हणजे झुंबर टांगलं ते हौसेनं नव्हे हो, गावाच्या भल्यासाठी!

हे ऐकून मी मेली गप्प बसणार होते थोडीच?

आमची एक मावसबहीण पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजमध्ये बरीच वर्षं राहते, तिलाच विचारलं. कॉलेजचं नाव नाही, गावाचंच नाव आहे ते. गावाची लोकसंख्या साधारण चाळीस हजार, त्यातही विद्यार्थीच फार. आणि तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियममध्ये माणसं मावतात एक लाख सहा हजारांहून अधिक. अख्खं गाव तान्ह्या बाळांसकट नेऊन बसवलं तरी निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहतील. त्या भरायला बाहेरून माणूस यावाच लागतो, आणि तो येतो. आदल्या दिवसापासूनच घराएवढ्या मोटारगाड्या डोंगरातल्या रस्त्यांवरून रांगेनं उतरायला लागतात. मग पार्किंगमध्येच चुली पेटतात, मांस भाजलं जातं, बिअरच्या पेट्या उघडतात. याला तिकडे टेलगेटिंग म्हणतात. सामन्याचं तिकीट नसलेले लोकही नुसत्या टेलगेटिंगसाठी शेकडो मैल येतात. म्हणजे लग्नाला आले नाहीत, नुसते जेवून गेले!

बहीण म्हणते, “ताई, सामन्याच्या शनिवारी आम्ही दूधसुद्धा शुक्रवारीच आणून ठेवतो. गाडी बाहेर काढली तर परत घरी यायला संध्याकाळ.” तिच्या ओळखीतली मराठी कुटुंबं गणपतीच्या कार्यक्रमाचा दिवस ठरवताना आधी पंचांग नाही, फुटबॉलचं वेळापत्रक उघडतात. गावात सामना असेल तर हॉल मिळत नाही, हॉल मिळाला तर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि जागा मिळाली तर तिचे जे पैसे मागतात त्यात दोन वेळची पंगत उठेल. बाप्पा मोरया, पण सामना दूरगावी असेल त्या शनिवारी! आणि हे फक्त आपल्याच लोकांचं नाही बरं. दक्षिणेकडच्या राज्यांत शरद ऋतूतल्या शनिवारी लग्न ठरवणाऱ्या नवरा-नवरीकडे नातेवाईक रागानं बघतात. भटजी मिळेल हो, पाहुणे मिळायचे नाहीत.

हॉटेलांचं तर विचारूच नका. एरवी शंभरेक डॉलरांत मिळणारी खोली त्या रात्री तिप्पट-चौपट, वर दोन रात्रींची सक्ती. तुम्ही एकच रात्र राहा नाहीतर अर्धी, पैसे दोन रात्रींचे मोजा. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक हॉटेल-मोटेलांचे मालक भारतीय वंशाचे आहेत, त्यांत गुजराती पटेल मंडळी भरपूर. त्यामुळे हेल्मेट घालून धडकणाऱ्या या पोरांच्या नावानं कुठल्यातरी काउंटरमागे जलाराम बाप्पांच्या तसबिरीला रविवारी जरा मोठा हार चढत असेल, तर मला नवल वाटणार नाही.

घरवालेही कमी नाहीत. इंडियानातल्या साउथ बेंडला, म्हणजे नोत्र दाम विद्यापीठाच्या गावात, सामन्याच्या शनिवार-रविवारी लोक राहतं घर भाड्यानं देऊन स्वतः सासुरवाडीला जाऊन राहतात. (सासुरवाडीवर या खेळाचे केवढे उपकार, बघा.) यावर ‘रेंट लाइक अ चॅम्पियन’ नावाची एक अख्खी कंपनी उभी राहिली आणि २०१५ साली ‘शार्क टँक’च्या अमेरिकन कार्यक्रमात जाऊन भांडवलही घेऊन आली. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरचं आणखी निराळं. तिथलं १९२७ सालचं स्टेडियम १,०७,६०१ लोकांचं. त्याच्या भोवतीच्या गल्ल्यांतले एरवी गवताच्या एकेका पात्याला जपणारे सभ्य गृहस्थ त्या दिवशी पुठ्ठ्यावर भाव लिहून रस्त्याकडेला उभे राहतात आणि स्वतःच्या अंगणात परक्यांच्या गाड्या घालून घेतात. विद्यापीठाच्या गोल्फच्या मैदानावरसुद्धा गाड्या. समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारातही गाड्या, आणि ते पैसे शाळाखात्याला. प्राध्यापक, डॉक्टर, वकील, सगळे शनिवारपुरते पार्किंगवाले! वाहत्या गंगेत हात धुवायला कुणाला लाज वाटत नाही.

नेब्रास्काची गोष्ट मात्र ऐकाच. लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियममधलं प्रत्येक तिकीट १९६२ पासून विकलं गेलंय, एकही सामना सुटलेला नाही, असा त्यांचा दावा. सामना असला की ते स्टेडियम म्हणजे ओमाहा आणि खुद्द लिंकननंतरचं राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. पण मधल्या काळात संघ हरायला लागला. २०२१ साली तिकिटं उरायला लागली. आता? मोडू द्यायची परंपरा? छे! पैसेवाल्या देणगीदारांनी उरलेली तिकिटं स्वतः विकत घेतली, गरजू मुलांना वाटली आणि ‘हाउसफुल्ल’ची पाटी कायम ठेवली. मुलांना सामना बघायला मिळाला हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपण आपल्या नाटकाची तिकिटं आपणच काढली तर त्याला काय म्हणतात, हे मी पुण्यातल्या नाट्यवर्तुळात सांगायला नको.

आता पैशाच्या खऱ्या पुराव्याकडे येऊ. साउथ कॅरोलायनात क्लेम्सन नावाचं गाव आहे, जेमतेम सतरा हजार वस्तीचं. स्टेडियम ऐंशी हजारांवर माणसांचं. १९७७ साली झालं काय, की अटलांटाच्या जॉर्जिया टेक विद्यापीठानं ठरवलं, आता क्लेम्सनबरोबरचे नेहमीचे सामने पुरे. हे सामने बहुतेक करून अटलांटातच व्हायचे. क्लेम्सनवाले दोन तासांचा प्रवास करून तिथे जायचे, राहायचे, खायचे, प्यायचे. त्यांचा अपमानच झाला की! क्लेम्सनच्या समर्थकांची १९३४ पासूनची ‘इप्टे’ नावाची देणगीदार संघटना आहे. त्या संघटनेतल्या जॉर्ज बेनेट यांनी एक नामी शक्कल काढली. दोन डॉलरची नोट नुकतीच, म्हणजे १९७६ साली, दहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा छापायला सुरुवात झाली होती. लोक ती वापरत नसत. दुकानदाराच्या गल्ल्यात तिला कप्पाही नसे. बेनेट यांनी समर्थकांना सांगितलं, या नोटांवर आपल्या संघाची खूण असलेल्या वाघाच्या पंजाचा नारिंगी शिक्का मारा आणि अटलांटात प्रत्येक खर्च याच नोटांनी करा. हॉटेलचं बिल दोन-दोन डॉलरांत, पेट्रोल दोन-दोन डॉलरांत, वेटरची टीपही तशीच. दुकानदार गल्ला मोजायला बसेल तेव्हा त्याला कळू दे, कोण आलं होतं आणि कोण येणार नाही!

काय डोकं चालवलं असेल हो! भांडण खेळाचं आणि धमकी पैशांची. बिचारे कॅशियर. रांग वाढतेय, समोरचा मनुष्य नारिंगी टोपी घालून शांतपणे पंजे मोजतोय.

आणि गंमत पुढे आहे. या नोटांनी जॉर्जिया टेकचं मन काही पाघळलं नाही. दोघांचे सामने पुन्हा नेमानं सुरू झाले ते १९८३ पासून, कारण तोवर दोन्ही विद्यापीठं एकाच लीगमध्ये आली होती. म्हणजे नोटांनी काम केलं नाही, नियमांनी केलं. पण प्रथा राहिलीच. आजही क्लेम्सनचा मोठा सामना दूरच्या शहरात असला की समर्थक बँकेत जाऊन दोन डॉलरच्या नोटांची मागणी करतात, घरी बसून शिक्के मारतात आणि जातील तिथे वाटत सुटतात. एखाद्यानं आहेर करावा आणि पाकिटावर आपलं नाव तीनदा लिहावं, तशातली गत.

मला या शिक्क्याचं फार कौतुक वाटतं, कारण अख्ख्या प्रकरणाचं मर्म त्यात आहे. शिक्का मारलेली नोट दुकानात आली, हे सगळ्यांना दिसतं. ती गावात राहिली की सोमवारी बँकेच्या गाडीतून निघून गेली, हे शिक्का सांगत नाही. आणि क्लेम्सनच्या नोटा न आल्या तर त्या शनिवारी त्याच टेबलावर दुसरा कुणी बसला असता का, हेही सांगत नाही.

हे प्रश्न विचारणारे खडूस लोक जगात असतात. त्यांना अर्थतज्ज्ञ म्हणतात. रॉबर्ट बेड, रॉबर्ट बाउमन आणि व्हिक्टर मॅथिसन या तिघांनी २००८ साली ‘जर्नल ऑफ स्पोर्ट्स इकॉनॉमिक्स’मध्ये या विषयाचं भांडं फोडलं. मोठा कॉलेज फुटबॉल असलेले ६३ शहरी विभाग घेतले, १९७० ते २००४ अशी तब्बल ३५ वर्षं घेतली आणि तपासलं. गावात जास्त सामने झाले म्हणून रोजगार वाढला का? नाही. संघ जास्त जिंकला म्हणून लोकांचं उत्पन्न वाढलं का? नाही. बरं, राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं तेव्हा तरी? तेव्हाही आकड्यांत दखल घेण्याजोगा फरक नाही! गावभर मिरवणूक निघाली, पोरं दिव्यांच्या खांबांवर चढली, टीशर्टांचा खच पडला आणि वर्षाच्या हिशेबात त्याचा मागमूस नाही.

असं कसं, म्हणून तुम्ही डोळे मोठे कराल. मीही केले. पण जरा शांतपणे बघा. स्टेडियमात बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्याच गावातले आणि आसपासचे असतात. त्यांनी शनिवारी सामन्यावर पैसे उधळले म्हणजे पुढच्या आठवड्यात सिनेमा नाही, हॉटेलातलं जेवण नाही, नवा सदरा नाही. या खिशातले त्या खिशात. दुसरं, गर्दी आणि चौपट भाव बघून नेहमीचा पाहुणा त्या दिवशी फिरकतच नाही. आमच्या बहिणीसारखे लोक दार लावून घरात बसतात, गावातलं पुस्तकाचं दुकान आणि फर्निचरचा शोरूम माश्या मारत बसतात. तिसरं, खोलीचे जास्तीचे पैसे साखळी हॉटेलच्या दूरच्या कचेरीत जातात. जादा काम करणाऱ्या सफाई कामगाराचा तासाचा दर तोच राहतो. क्लेम्सनसारख्या लहान गावात हॉटेलंच पुरेशी नाहीत, म्हणून माणसं पन्नासेक किलोमीटरवरच्या ग्रीनव्हिलला झोपायला जातात आणि पैसाही त्यांच्याबरोबर झोपायला जातो. विद्यापीठाच्या बहुतेक मालमत्तेवर कर नाही, पण पोलिसांची जादा पाळी, वाहतूक, सोमवारी सकाळचा कचरा हे सगळं आहेच. खेळाचे अर्थतज्ज्ञ आपसांत थट्टेनं एक नियम सांगतात: समर्थकांनी दिलेल्या फायद्याच्या आकड्यातला दशांशचिन्हाचा टिंब एक घर डावीकडे सरकवा, मग खऱ्याच्या जवळ जाल.

अर्थात तिघांचा हिशेब मोठ्या शहरी विभागांचा होता आणि वर्षावर पसरलेला होता, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर क्लेम्सनवाले नोटा घेऊन माझ्या दारात यायचे. चाळीस हजारांच्या गावात लाखभर माणसं शिरली तर बाहेरच्यांचा वाटा मोठा असतो, थोडंफार हाती लागतंच. आणि काहींच्या हाती तर पुष्कळ लागतं. स्टेडियमच्या रस्त्यावरचा बारवाला, टीशर्टवाला, मोटेलवाला यांची वर्षाची कमाई त्या सहा-सात शनिवारांवर उभी असते. ११ ऑगस्ट २०२० ला कोरोनामुळे ‘बिग टेन’ या बड्या लीगनं मोसम पुढे ढकलला आणि ऑक्टोबरात खेळ सुरू केला तोही प्रेक्षकांविना, तेव्हा या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची झोप उडाली हे खरंच होतं, थट्टेचं नव्हतं. पण त्यांचा गल्ला म्हणजे गाव नव्हे, एवढंच.

मग मोठा पैसा जातो कुठे? आता खुर्ची जरा जवळ ओढा.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण माहितेय? राज्यपाल? न्यायाधीश? सरकारी इस्पितळाचा सर्जन? फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच! टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर या कोचला काढलं आणि करार मध्येच मोडल्याबद्दल त्याला सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. काम करण्याबद्दल नाही. काम न करण्याबद्दल! नेब्रास्कानं तर कहर केला. सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्न या छोट्या विद्यापीठाकडून ४५-४२ असे हरले आणि दुसऱ्याच दिवशी कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना नारळ दिला. १ ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती तर नुकसानभरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होती. तीन आठवडे! तीन आठवडे दम निघाला नाही आणि पाऊण कोटी डॉलर गेले. आमच्याकडे रद्दीवाल्याशी आठ आण्यांसाठी अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या काकूंना तिथे अर्थसमितीवर बसवा, म्हणावं.

आणि तो हरलेला सामना फुकटात नव्हता बरं. मोठी विद्यापीठं घरच्या प्रेक्षकांना एक हमखास विजय दाखवण्यासाठी लहान विद्यापीठांना पैसे देऊन बोलावतात. या, मार खा, पाकीट घ्या, जा. जॉर्जिया सदर्नला या आमंत्रणाचे चौदा लाखांवर डॉलर मिळाले. २००७ साली मिशिगननं अ‍ॅपलाचियन स्टेटला चार लाख डॉलर देऊन एक लाखावर लोकांसमोर बोलावलं आणि ३४-३२ हरले. त्याच अ‍ॅपलाचियन स्टेटला २०२२ मध्ये टेक्सस ए अँड एमनं पंधरा लाख दिले आणि तेही हरले. २०२४ मध्ये नोत्र दामनं नॉर्दर्न इलिनॉयला चौदा लाख दिले; निकाल १६-१४, पाहुणे विजयी. पाहुण्यानं यायचं, पाटावर बसायचं, दक्षिणा घ्यायची आणि जाताना यजमानाचीच पगडी उडवायची! मला विचाराल तर या सगळ्या व्यवहारात खरा आर्थिक फायदा कुणाला झाला असेल, तर तो या लहान विद्यापीठांच्या क्रीडाविभागांना.

नॉक्सव्हिलचं ऐका. टेनेसी विद्यापीठाचं स्टेडियम नदीकाठी आहे, तिथे १९६२ पासून लोक होड्या घेऊन सामन्याला येतात. १५ ऑक्टोबर २०२२ ला टेनेसीनं अलाबामा विद्यापीठाला ५२-४९ असं हरवलं. लोक मैदानात घुसले, गोलपोस्ट उपटले, खांद्यावर घेऊन गावातून नेले आणि थेट टेनेसी नदीत विसर्जन! लीगनं एक लाख डॉलर दंड ठोकला. आणि दुसऱ्या दिवशी, वर्षाला दहा कोटी डॉलरांहून अधिक मिळवणाऱ्या त्या क्रीडाविभागानं काय करावं? नवे गोलपोस्ट घ्यायला लोकांकडे वर्गणी मागितली! लोकांनी दिलीही, दीड लाखावर डॉलर जमले. ज्यांनी मोडले त्यांनीच भरले म्हणा, तर न्याय झाला. आणि पुन्हा २०२४ मध्ये याच विद्यापीठानं जाहीर केलं, पुढच्या वर्षापासून तिकिटावर दहा टक्के ‘टॅलेंट फी’. कारण आता पोरांना पैसे द्यायचेत. २०२१ पर्यंत खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायचीसुद्धा बंदी होती. जून २०२५ मध्ये न्यायालयानं तडजोड मान्य केली आणि आता प्रत्येक विद्यापीठ आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर थेट वाटू शकतं. इतकी वर्षं कोचला कोट्यवधी आणि धडका खाणाऱ्याला शिष्यवृत्ती. आंधळं दळत होतं, पीठ कोण खात होतं ते वर सांगितलंच.

ऑबर्नच्या झाडांबद्दल मात्र मला खरोखर वाईट वाटलं. अलाबामातल्या या गावात टूमर्स कॉर्नर नावाचा चौक आहे. संघ जिंकला की तिथल्या दोन जुन्या ओकच्या झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकायची प्रथा. (हो, टॉयलेट पेपर. पुढे विचारू नका.) २०१० मध्ये ऑबर्ननं अलाबामा विद्यापीठाला हरवल्यावर समोरच्या संघाच्या एका चाहत्यानं त्या झाडांना तणनाशक घातलं आणि रेडिओवर फोन करून स्वतःच ते सांगितलं. झाडं २०१३ मध्ये तोडावी लागली. मग ऑबर्नकरांनी काय करावं? त्या लाकडाच्या अधिकृत आठवणवस्तू करून विकल्या. दुःखाचंही दुकान!

हे सगळं एका बाजूला, आणि टीव्हीवाल्यांची दादागिरी दुसऱ्या बाजूला. सामना दुपारी बाराला की संध्याकाळी सातला, हे गाव ठरवत नाही, विद्यापीठही ठरवत नाही. टीव्हीवाले ठरवतात, आणि बऱ्याचदा जेमतेम बारा दिवस आधी कळवतात. बाराचा सामना असला की लोक सकाळी थेट स्टेडियममध्ये आणि चारला घरी. संध्याकाळचा असला तर दिवसभर गावात खाणंपिणं. बारवाले संध्याकाळसाठी देव पाण्यात घालून बसतात. २०२५ मध्ये ओहायोच्या एका आमदारानं विधेयकच आणलं: ओहायो स्टेट विद्यापीठाचा सामना दुपारी साडेतीनच्या आधी सुरू केला तर एक कोटी डॉलर दंड! अपवाद फक्त मिशिगनविरुद्धच्या सामन्याचा, कारण तो परंपरेनं बारालाच होतो. राज्यासमोरचे बाकीचे प्रश्न सुटले असावेत.

आणि आता ही साथ समुद्रापार गेलीय. आयर्लंडची राजधानी डब्लिनमध्ये ऑगस्टात अमेरिकन विद्यापीठांचे सामने होतात. हजारो लोक विमानं भरून जातात आणि तिथलं पर्यटनखातं खूश. २०२२ मध्ये नेब्रास्का-नॉर्थवेस्टर्न सामन्याच्या वेळी स्टेडियममधली कार्डानं पैसे घ्यायची यंत्रणा कोलमडली. रोख घेत नव्हतेच. शेवटी खाणं आणि बिअर फुकट वाटली! नेब्रास्का हरलं, पण तिथे गेलेल्या कुणालाही विचारा, सहल सफल. क्लेम्सनवाले असते तर दोन डॉलरच्या नोटा हातात घेऊन रडले असते.

माझं मत विचाराल तर सांगते. गावाला सोन्याचे दिवस येतात हे खोटं. काही गल्ले तुडुंब भरतात हे खरं. आणि पैशांसाठी हे चाललंय, हे सगळ्यांत मोठं खोटं. पैशांसाठी कुणी तंबूत झुंबर टांगत नाही. पण मोठ्या माणसांना ‘मला मजा येते’ म्हणायची लाज वाटते, म्हणून आकड्यांचा कोट चढवायचा. पेन स्टेटनं २०२४ मध्ये स्टेडियमच्या डागडुजीसाठी ७० कोटी डॉलर मंजूर केले, ते काही पटेलभाईंच्या मोटेलाची खोली भरावी म्हणून नव्हे.

तुमचं लेकरू तिकडे एम. एस. करायला गेलं असेल आणि तुम्ही सप्टेंबर ते नोव्हेंबरात भेटायला निघाला असाल, तर एक करा. विमानाचं तिकीट काढायच्या आधी त्या विद्यापीठाच्या फुटबॉलचं वेळापत्रक बघा. घरचा सामना असलेला शनिवार टाळा, खोली तिसऱ्या हिश्श्यात मिळेल आणि मुलगाही घरी सापडेल. टाळता येत नसेल तर दोन रात्रींचे पैसे मोजा, मिळेल त्या रंगाची टोपी घाला आणि जोरात ओरडा. फक्त टोपीचा रंग आधी मुलाला विचारून घ्या.